मदत हवी आहे : आईच्या झडपेत फुगा घालायचा का?

मलप्रभाकाठ : लवकर सांगा, सोमवारी बेळगावला बोलावलंय. आईच्या हृदयाची झडप अरुंद झालीय, डॉक्टर फुगा घालून ती उघडूया म्हणायलेत. मामा म्हणतोय घाई नको, गोळ्यांनी होईल. कुणाच्या घरात केलंय का? किती दिवस ठेवून घेतात?

निपाणीचा_सदा : आमच्या अण्णांना फुगा घालून स्प्रिंग बसवली. तिसऱ्या दिवशी घरी. आधी तेल-तूप बंद करा.

शहापूरची_ताई : सदाभाऊ, अण्णांची रक्तवाहिनी होती. इथं झडप आहे, तेल-तुपाचा संबंध नाही. मलप्रभाकाठ, कुठली झडप? वय किती? इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावरचे आकडे टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार?

मलप्रभाकाठ : मायट्रल, हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली. वय 44. सिव्हिअर, 0.9 लिहिलंय. बाकी कळत नाही.

चिकोडी_पाटील : अर्जुनाच्या सालीचा काढा सुरू करा. माझ्या आत्याची धाप महिन्यात गेली.

शहापूरची_ताई : पाटील, काढ्यानं चिकटलेली झडप सुटत नाही. माझीच झडप फुग्यानं उघडलीय, जांघेतल्या शिरेतून, छाती न उघडता. दोन रात्री राहिले. निरोगी झडप 4 ते 6 चौरस सेंटीमीटर उघडते. 0.9 मधून रक्त पुढं सरकत नाही, फुफ्फुसात तुंबतं. गोळ्या पाणी उतरवतात, ठोके आवरतात, तेवढंच. लहानपणी आईचे सांधे सुजायचे का? तसल्या सांधेतापानं पुढं झडप चिकटते.

येळ्ळूरकर : खर्चाचं कोणी बोलत नाही. महाराष्ट्राची फुले योजना, मोफत उपचारांची, सीमाभागातल्या 865 गावांना लागू केलीय, तुमचं गाव यादीत आहे का बघा.

निपाणीचा_सदा : आधी इथलं बीपीएल कार्ड दाखवा. तिकडच्या कागदांमागं सोमवार जाईल.

येळ्ळूरकर : हक्काचं आहे ते, का सोडायचं?

मलप्रभाकाठ : भांडू नका हो. ताई, सांधे सुजायचे, आजी वाढीचं दुखणं म्हणायची. आता रात्री आडवं झालं की धाप लागते, तीन उशा लागतात. ठोके वेडेवाकडे पडतात. एसिट्रॉम, रक्त पातळ करायची गोळी, चालू होती, हिरडीतून रक्त आलं म्हणून मामानं आठ दिवसांपूर्वी बंद केली.

शहापूरची_ताई : हे आधी का नाही सांगितलंत! सोमवारची वाट बघू नका, आत्ता डॉक्टरांना फोन करा. असे ठोके असले की डाव्या कप्प्यात गुठळी धरते, ती मेंदूत गेली तर लकवा. रक्त आलं तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, तपासायचा असतो, बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवतात. गोळी बंद करायची की डोस बदलायचा, ते डॉक्टरच ठरवणार. तुमच्या मनानंही परत सुरू करू नका. गुठळी असली तर फुगा पुढं ढकलतात, त्यासाठी घशातून नळी घालून बघतात. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं तर एक मिनिट थांबू नका.

चिकोडी_पाटील : एसिट्रॉमचं माहीत नव्हतं. काढा देऊ नका.

मलप्रभाकाठ : फोन केला. आजच आणा म्हणाले. मामाच गाडी काढतोय.

शहापूरची_ताई : गोळ्यांची सगळी पाकिटं, जुने इको बरोबर घ्या. आणि सांधेताप उलटू नये म्हणून देतात ते दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन कधी चालू होतं का, आईला वाटेत विचारा. तिथं पहिल्यांदा तेच विचारतील.

येळ्ळूरकर : रेशन कार्ड, आधार विसरू नका. रात्री बेळगावात कोण लागलं तर इथं लिहा, मी येतो.