अवकाशयान मोठं कशामुळे वाटतं: किलोमीटरमुळे की कॅमेऱ्यामुळे?

कृत्तिका

साय-फाय सिनेमांतली यानं वर्षागणिक लांबलचक होत चालली आहेत आणि त्यांचा दरारा मात्र ओसरत चाललाय. माझं हे मत जुनंच आहे, आज सविस्तर मांडते.

स्टार वॉर्सच घ्या. १९७७च्या पहिल्या सिनेमाची सुरुवात आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. एक यान जीव मुठीत धरून पळतंय आणि त्याच्या मागोमाग आपल्या डोक्यावरून स्टार डिस्ट्रॉयरचं त्रिकोणी पोट सरकत येतं. येतच राहतं. चाहत्यांच्या हिशेबात त्या यानाची लांबी १,६०० मीटर. चित्रीकरणासाठी वापरलेलं मॉडेल होतं ९१ सेंटिमीटरचं! आणि पुढे पळणाऱ्या 'छोट्या' यानाचं मॉडेल त्याच्या जवळपास दुप्पट लांब होतं. म्हणजे आपल्याला दडपून टाकणारा तो आकार कुठल्याही आकड्यातून आलेला नाही. आधी लहान यान दाखवलं, डोळ्याला एक माप दिलं, आणि लगेच ते माप मोडलं. सगळी करामत या क्रमाची.

१९८०च्या भागात १९ किलोमीटरचं एक्झिक्यूटर आलं. तिथेही दिग्दर्शकाने कष्ट घेतले: आधी आपल्या ओळखीचे स्टार डिस्ट्रॉयर दाखवले, मग त्यांच्यावर सावली पडली, आणि मग ती सावली कोणाची ते कळलं. २०१७ला ६० किलोमीटर रुंदीचं सुप्रिमसी आलं. ते इतकं अवाढव्य आहे हे मला सिनेमा बघून नाही, नंतर वाचून कळलं.

इंडिपेंडन्स डेची गोष्ट तर याहून वाईट. १९९६च्या सिनेमात शहरांवर येऊन थांबणारी यानं सुमारे २४ किलोमीटर रुंद आहेत. ढग आतून पेटल्यासारखे होतात, सावली इमारतींवरून सरकत जाते, रस्त्यातली माणसं गाड्या थांबवून वर बघतात. तो भाग आजही अंगावर येतो. २०१६च्या दुसऱ्या भागातलं मुख्य यान सुमारे ४,८०० किलोमीटरचं. आपल्या चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. चंद्राहून मोठं यान पृथ्वीला येऊन चिकटतं आणि मनात काहीही हलत नाही, कारण एवढी मोठी वस्तू कुठूनही दाखवा, पडद्यावर दिसते ती एक काळपट भिंतच.

लांबी वाढवत नेणं हा निव्वळ आळस आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. चौकटीत माप देणारं काहीतरी हवं आणि ते डोळ्यात ठरायला वेळ हवा.

व्याध

साफ असहमत. आळस दिग्दर्शकाचा असेल, त्याची शिक्षा मोठ्या यानाला का? अवकाशात मोठं असणं ही हौस नाही, गरज आहे.

२००१: अ स्पेस ओडिसी (१९६८) मधलं डिस्कव्हरी हे सगळ्यात 'खरं' यान म्हणून नावाजलं जातं. मलाही ते प्रचंड आवडतं. पण त्याचं फिरतं दालन बघा, ज्यात अंतराळवीर गोल गोल धावताना दिसतो. तो सेट खरोखर फिरणारा होता, व्यास सुमारे ११.६ मीटर. चाक फिरलं की माणूस त्याच्या कडेवर दाबला जातो आणि तेच वजन म्हणून जाणवतं. एवढ्या चाकात पृथ्वीइतकं वजन निर्माण करायचं तर मिनिटाला साधारण १२ फेऱ्या लागतील. त्यात उभ्या माणसाच्या पायाशी जेवढं गुरुत्व, त्यापेक्षा डोक्याशी सुमारे ३० टक्के कमी. मान वळवली की भोवळ आलीच. चंद्राइतक्या गुरुत्वावर भागवलं तरी मिनिटाला ५ फेऱ्या होतात.

बहुतेक माणसांना मिनिटाला २ फेऱ्यांपर्यंत त्रास होत नाही असं धरलं जातं. तेवढ्या संथ गतीने पृथ्वीइतकं वजन हवं तर चाकाचा व्यास ४५० मीटरच्या आसपास जातो. हे नुसतं चाक झालं. इंजिन, इंधनाच्या टाक्या, किरणोत्सारापासून बचाव करणारं कवच, अन्न पिकवायची जागा अजून धरलेलीच नाही. आपलं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १०९ मीटरचं आहे, त्याला जोडायला ४०हून जास्त उड्डाणं लागली, आणि त्यात एरवी सातच माणसं राहतात, तीही पृथ्वीवरून येणाऱ्या रसदीवर. ताऱ्यांपर्यंत जाणारं, हजारो माणसांचं यान १,६०० मीटरचं असेल तर मी म्हणेन, अहो, दाटीवाटीच होईल!

धूमकेतू

व्याध, चाकाचं गणित बिनचूक आहे, पण स्टार डिस्ट्रॉयर फिरतो कुठे? त्यातली माणसं तर सपाट फरशीवर बूट वाजवत चालतात. ज्या यानांना मोठं असायचं सबळ कारण आहे ती सिनेमात थोडी, आणि जी मोठी दिसतात त्यांच्यापाशी कारण नाही.

मोठेपणाची किंमतही कोणी दाखवत नाही. लांबी दुप्पट केली की तोच आकार राखून वस्तुमान आठपट होतं, पण मागे इंजिनं बसवायची जागा फक्त चौपट. १.६ किलोमीटरवरून १९वर गेलात की वस्तुमान सुमारे १,७०० पट आणि इंजिनांची जागा १४० पट. असं धूड वळायलाच किती वेळ घेईल याचा विचार करा. पडद्यावर मात्र ते मोटारीसारखं वळतं आणि तिथेच त्याचं वजन संपतं.

आणि उष्णतेचं काय? निर्वातात हवा नाही, त्यामुळे उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर जाते. अंतराळ स्थानकाचे ते पांढरे पत्रे आठवा. आतली उष्णता अमोनियातून तिथवर नेऊन बाहेर टाकली जाते. अणुशक्तीवर चालणाऱ्या यानाला याहून कितीतरी मोठे पत्रे लागतील. सिनेमात ते जवळपास नसतातच. अवतार (२००९) च्या सुरुवातीला दिसणाऱ्या यानाला मात्र आहेत, लालसर तापलेले. इंजिनं पुढे आणि बाकीचं यान लांब सांगाड्याने मागे ओढलेलं. माझ्या मते गेल्या काही दशकांतलं ते सर्वांत विचारपूर्वक काढलेलं यान आहे, आणि त्याला पडद्यावर मिळतात काही सेकंद. याचं मला खरंच वाईट वाटतं.

शर्मिष्ठा

तुम्ही दोघांनी यानाची छान चिकित्सा केलीत, पण सिनेमा हा आधी चित्र असतो. धूमकेतू, तुम्ही उष्णतेचे पत्रे मागताय ना? डिस्कव्हरीच्या सुरुवातीच्या आराखड्यांत ते होतेच. दिग्दर्शक क्युब्रिकने काढून टाकले, कारण प्रेक्षकांना ते पंख वाटले असते आणि निर्वातात पंख कशाला असा गोंधळ झाला असता. एवढा काटेकोर माणूस, त्यानेही तिथे चित्राच्या बाजूने कौल दिला. आणि म्हणूनच पुढे गोल डोकं, मागे लांब कणा आणि टोकाला इंजिन ही आकृती आज कोणीही कागदावर चार रेघांत काढून दाखवू शकतं.

माझी कसोटी हीच आहे. यानाची नुसती काळी बाह्याकृती दाखवली तर ओळखता आलं पाहिजे. स्टार ट्रेकमधलं एंटरप्राइज येतं. स्टार वॉर्समधलं मिलेनियम फाल्कन येतं. अलीकडच्या दहा सिनेमांतली यानं शेजारी शेजारी मांडा, मला तरी वेगळी काढता येणार नाहीत. सगळी करडी, सगळ्यांवर पत्र्यांचे तुकडे आणि पाइपांचं जंजाळ चिकटवलेलं.

१९६०च्या दशकात मॅट जेफरीजने एंटरप्राइज रेखाटलं तेव्हा बाहेरची बाजू मुद्दाम गुळगुळीत ठेवली. त्याचा विचार साधा होता: अवकाश धोकादायक आहे, मग दुरुस्तीला लागणारी यंत्रं बाहेर टांगून का ठेवायची? ती आत हवीत, जिथे माणसाचा हात पोचतो. जंजाळवाल्या यानांपेक्षा हे मला जास्त शास्त्रशुद्ध वाटतं.

मृगशीर्ष

शर्मिष्ठा, त्या जंजाळाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून लिहितो.

७०च्या दशकातले मॉडेल बनवणारे कारागीर दुकानातून रणगाडे, विमानं, जहाजं यांचे प्लॅस्टिकचे संच आणायचे, ते मोडून त्यांचे बारीकसारीक भाग यानाच्या अंगावर चिकटवायचे. हे सजावटीसाठी नव्हतं. अवकाशात हवा नाही, त्यामुळे दूरचा डोंगर जसा धूसर दिसतो तसं काही दिसत नाही. डोळ्याला अंतर कळायला दुसरा आधारच नाही. त्या बारीक तपशिलांवर पडणाऱ्या छोट्या छोट्या सावल्या डोळ्याला सांगतात की बाबा, हे मोठं आहे. गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग एक मीटरचाही असू शकतो आणि एक किलोमीटरचाही.

कॅमेऱ्याचंही तसंच. लहान वस्तू जवळून टिपली की तिचा पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा अस्पष्ट येतो, आणि ते खेळणं आहे हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवायचं. मग प्रकाश कमी पडतो, म्हणून एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवायची आणि कॅमेरा यंत्राने मुंगीच्या पावलाने पुढे न्यायचा. स्टार वॉर्ससाठी जॉन डायक्स्ट्राच्या चमूने संगणकाने हलणारा कॅमेराच उभा केला. इतके सायास केले तेव्हा कुठे ९१ सेंटिमीटरचे १,६०० मीटर झाले. आज संगणकावर सगळं जवळचं-लांबचं हवं तसं स्पष्ट मिळतं, आणि म्हणूनच वेग, कोन, भिंगाचं अंतर यांचा विचार न करता कॅमेरा यानाभोवती माशीसारखा फिरवला जातो. कृत्तिका म्हणतात तो दरारा तिथे गळतो.

एक आवडता प्रसंग सांगतोच. एलियन (१९७९) मध्ये परग्रहावरच्या यानात मेलेल्या अजस्र वैमानिकाजवळ अंतराळवीर पोचतात. सेट पुरेसा मोठा वाटत नव्हता, तर दिग्दर्शक रिडली स्कॉटने लांबच्या शॉटसाठी लहान मापाचे स्पेससूट शिवून त्यात मुलं उभी केली, त्यात त्याची स्वतःची मुलंही होती. त्या एका युक्तीने सेट एकदम केवढा तरी वाढला. नवा पत्राही ठोकावा लागला नाही.

व्याध

मृगशीर्ष, उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. स्कॉटला तिथे मोठेपणाच हवा होता ना? त्याच सिनेमातल्या माणसांच्या यानाचं, नॉस्ट्रोमोचंही तसंच. सात माणसं, आणि मागे दोन कोटी टन खनिजाचा कारखाना ओढत नेताहेत. आत मात्र बुटकी छतं, अरुंद बोळ. तो सेट सलग बांधला होता, एका खोलीतून दुसरीत चालत जायचं. बाहेरचा राक्षसी आकार आणि आतली घुसमट यांच्या विसंगतीतूनच भीती तयार होते. यान ५० मीटरचं असतं तर माणसं त्या परग्रहावरच्या प्राण्याला शोधायला कुठे आणि तो लपायला कुठे जाणार होता?

कृत्तिका

व्याध, इथे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. नॉस्ट्रोमो किती मीटर लांब आहे हे सिनेमात एकदाही सांगावं लागत नाही, कारण सात माणसं आणि तो कारखाना एवढं माप आपल्याला पुरतं.

शर्मिष्ठा, तुम्हाला एक प्रश्न. मूळ एंटरप्राइज २८९ मीटरचं. २००९च्या सिनेमात तेच यान सातशे मीटरच्या वर गेलं. आकृती जवळपास तीच, तुमच्या काळ्या बाह्याकृतीच्या कसोटीत तेही उतरेल. मग ते पहिल्यासारखं का वाटत नाही?

शर्मिष्ठा

कारण आत गेल्यावर ते यान राहत नाही. इंजिनरूमचं चित्रीकरण बिअरच्या कारखान्यात केलं. प्रचंड टाक्या, प्रचंड पाइप, जागाच जागा. बाहेरून इतकी देखणी रेघ, आणि आत त्या रेघेशी नातं नसलेला कारखाना. जुन्या मालिकेचा सेट छोटा होता, पण त्यातला प्रत्येक जिना, प्रत्येक दार यानाच्या त्या ताटलीत कुठे बसतं याचा अंदाज करता यायचा. माझा राग सातशे मीटरवर नाही. ते सातशे मीटर कशाने भरले आहेत हे कोणी ठरवलंच नाही, त्यावर आहे.

मृगशीर्ष, गुळगुळीत पृष्ठभागाला माप नसतं म्हणालात, तर अरायव्हल (२०१६) मधली ती १२ यानं कुठे बसवणार? ना खिडकी, ना पाइप, ना दिवे. उभ्या ठेवलेल्या काळ्या शिंपल्यासारखी. हेलिकॉप्टरमधून पहिल्यांदा दिसतं तेव्हा डोंगरावरून धुकं खाली उतरत असतं, खाली सैन्याचे तंबू ठिपक्यांएवढे, आणि मधोमध ते नुसतं थांबलेलं. हालचाल शून्य. इतकं मोठं यान मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेलं नाही.

मृगशीर्ष

तुम्हीच उत्तर दिलंत की. धुकं, डोंगर, तंबू! तपशील यानावर नाही, भोवती आहे. तेच यान काळ्या निर्वातात नेऊन ठेवा, एकटं. अंगठ्याएवढं वाटेल.

धूमकेतू

निर्वातातही जमतं. डिस्कव्हरीचं मॉडेल सुमारे साडेसोळा मीटर लांबीचं होतं, कॅमेरा त्याच्या अगदी जवळून जातो तरी ते टिकतं. पण खरं माप मिळतं ते पुढच्या गोलातून छोटं पॉड बाहेर येतं तेव्हा. एक माणूस मावेल एवढं ते पॉड हळूहळू मागे सरकतं, आतून माणसाचा श्वास ऐकू येतो, आणि तो माणूस मग अँटेनापर्यंत एकटा तरंगत जातो. त्याला तिथे पोचायला लागणारा वेळ क्युब्रिकने कापला नाही. आजच्या संकलकाने त्यातला बराच भाग उडवला असता आणि त्याबरोबर यानाची निम्मी लांबीही.

व्याध

तो वेळ मिळणार असेल तर माझी सगळी तक्रार मागे. पण मग चाक ४५० मीटरचंच दाखवा, आणि त्या माणसाला त्याच्या कडेने पूर्ण फेरी मारू द्या. मी बसून बघेन.