वर्कशॉप कर्मचाऱ्यांना, आणि रात्री साडेदहाचे मेसेज साहेबांचे

घाटावरचा:
परवा एका ट्रेनर ताईंनी इथे लिहिलं की कंपन्यांनी डिजिटल वेलबीइंगचं धोरण आणावं, कर्मचाऱ्यांना स्क्रीन टाइम मोजायला, नोटिफिकेशन बंद ठेवायला शिकवावं. वाचून डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय. अहो ताई, नोटिफिकेशन बंद करता येतं आम्हाला, पण मग सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर "काल रीचेबल नव्हतात" हे ऐकावं लागतं त्याचं काय? आमच्याकडे वर्कशॉप झालं, डोळे मिटून श्वास मोजून झाले, आणि त्याच रात्री साडेदहाला ग्रुपवर "टीम, क्विक अपडेट प्लीज". फोक्सवॅगननं 2011 मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार केला, शिफ्ट संपून अर्धा तास झाला की ब्लॅकबेरी फोनवर मेल जाणंच सर्व्हरवरून बंद. संयम शिकवत बसले नाहीत कुणाला.

ट्रेनर ताई:
दादा, फोक्सवॅगनचं अर्धंच सांगितलंत. मॅनेजमेंटला ते लागूच नव्हतं. आणि मेल बंद केला की लोक व्हॉट्सॲपवर येतात, हे मी कंपन्यांमध्ये बघतेय. सवय बदलावीच लागते. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव घ्या, ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी 7 ला भोंगा, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. घरोघरी जाऊन समजावलं तेव्हा झालं ते.

नाईटशिफ्ट:
गावात अमेरिकन क्लायंट नसतो ताई. उन्हाळ्यात आमचे रात्रीचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे दहा, तेव्हा सर्व्हर बंद म्हणजे प्रोजेक्ट बंद. मला रात्री काम करायला हरकत नाही, फक्त ते तास कागदावर दाखवा आणि सकाळी नऊला परत बोलावू नका.

झेडपी गुरुजी:
तुम्हाला निदान लॅपटॉप कंपनीचा आहे. आमचा फोन स्वतःचा, नेटपॅक स्वतःचा, आणि केंद्राचा म्हणजे आसपासच्या शाळांचा ग्रुप वेगळा, तालुक्याचा वेगळा. पोषण आहारात आज किती मुलं जेवली ते भरा, यू-डायस म्हणजे शाळेची सगळी माहिती पोर्टलवर भरा, वर रात्री "तात्काळ" लिहून एक्सेल शीट. वर्गात फोन हातात दिसला की पालक म्हणतात गुरुजी मोबाईल बघतात. शिकवू कधी?

सेविकेची लेक:
गुरुजी बोललात म्हणून लिहिते. माझी आई अंगणवाडी सेविका. 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी फोन परत केले ते उगाच नाही, 2 जीबी रॅमचे फोन, भरायला बसलं की तापायचे, आणि आहाराच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. आता घरी न्यायचा आहार द्यायचा तर घेणारीचा चेहरा स्कॅन, वर ओटीपी. गरोदर बाई दारात ताटकळतेय, रेंज नाही, आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीला, ओटीपी त्याच्याकडे. बोलणी मात्र आईला बसतात. ॲप आणण्याआधी चार सेविकांच्या हातात देऊन बघायचं होतं ना!

घाटावरचा:
सगळं खरं असेल हो, पण धागा कंपन्यांचा आहे, भरकटवू नका.

सेविकेची लेक:
भरकटवतेय? आईचा फोन रात्री दहाला वाजतो तो सुपरवायझरचाच असतो. तुमचा मॅनेजर तेवढा त्रास आणि आमचं ते विषयांतर?

झेडपी गुरुजी:
बरोबर बोललीस बाळा. एसीत बसलेल्यांनाच थकवा येतो असं वाटतं या लोकांना.

घाटावरचा:
एसी काढू नका मधे, बारा-बारा तास मान मोडून बसतो आम्ही. म्हणून तर कायदा हवा म्हणतोय. सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये राइट टू डिस्कनेक्टचं, म्हणजे ड्युटीनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं, खासगी विधेयक (सरकारनं नाही, खासदारानं स्वतः आणलेलं) मांडलं, डिसेंबर 2025 मध्ये परत मांडलं. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून कायदा लागू झाला, फ्रान्समध्ये 2017 पासून आहे.

नाईटशिफ्ट:
खासगी विधेयकं पास होतात कुठे? आणि झालं तरी सेविकांना काय, सरकार त्यांना मानधनावर ठेवतं, कर्मचारी म्हणतच नाही.

घाटावरचा:
हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला. ठीक आहे, विषयांतराचं मागे घेतो. पण वर्कशॉपबद्दल माझं मत तेच आहे.

ट्रेनर ताई:
वर्कशॉपनंच सगळं होतं असं मी कुठे म्हटलं? मी साहेबांना आधी बसवा म्हणते, तेव्हा एचआर सांगतं सरांना वेळ नाही, ज्युनियरांचं घ्या. इथून पुढे सर बसणार नसतील तर काम घेणार नाही, हे लिहून देते. गुरुजी, तुमच्या ग्रुपवर रात्री मेसेज टाकणारे अधिकारी नेमके कोणत्या पातळीवरचे? त्यांनाही वरून रात्रीच मागणी येते का?

झेडपी गुरुजी:
येते ना. गटशिक्षणाधिकाऱ्यांना जिल्ह्यातून, जिल्ह्याला पुण्यातून. सकाळी अकराच्या व्हीसीसाठी (व्हिडिओ मीटिंग हो) आदल्या रात्री आकडे लागतात, आणि तेच आकडे पोर्टलवर आधीच भरलेले असतात.