सिंहगड रस्त्यावरचा जुना फ्लॅट १४ महिने विकला जात नाही : किंमत चुकते आहे की कागद?

नमस्कार.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, विठ्ठलवाडीच्या परिसरात, नदीपासून दोन गल्ल्या आत माझ्या वडिलांनी १९९४ साली घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही तो विकायला काढला. आज नोव्हेंबर २०२५ उजाडला, तरी कोणी टोकन म्हणूनही रक्कम हातावर ठेवलेली नाही. ओळखीचे एजंट दर भेटीत 'ताई, भाव उतरवा' एवढेच सांगतात. भाव उतरवण्याची आमची तयारी आहे. पण नेमके कशामुळे अडले आहे हे कळल्याशिवाय पाच-सात लाख सोडून देणे मला पटत नाही.

आधी वस्तुस्थिती सांगते. इमारत पार्किंग अधिक चार मजल्यांची असून आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. मागच्या बाजूला बाहेरून लिफ्ट बसवण्याइतकी जागा आहे, परंतु पहिल्या मजल्यावरच्या मंडळींना तिचा खर्च नको आहे आणि तो विषय प्रत्येक वार्षिक सभेत चहापर्यंत येऊन थांबतो. करारनाम्यात ८२० चौरस फूट बिल्टअप लिहिले आहे. मी मोजून घेतले तेव्हा कार्पेट (भिंती सोडून आतले क्षेत्र) ६४० च्या आसपास भरले. सुरुवातीला आम्ही ७८ लाख सांगत होतो, मार्चपासून ७२ लाख सांगतो.

मी निवृत्त गणित शिक्षिका असल्याने आलेल्या प्रत्येक फोनची वहीत नोंद ठेवली आहे (घरी यावरून माझी थट्टा होते). एकूण ४३ फोन आले. त्यांपैकी २४ जण फ्लॅट पाहायला आलेच नाहीत. बहुतेकांनी 'लिफ्ट नाही' हे शब्द ऐकताच आभार मानले. १९ जण पाहून गेले, त्यांतल्या चौघांनी किंमतीची बोलणी केली, आणि त्या चौघांपैकी दोघांनी ७० लाखांच्या तोंडी ठरावावर कागद बँकेत दिले. हे दोघेही बँकेच्या वकिलाचा अहवाल आल्यानंतर मागे फिरले. मला सर्वांत जास्त कोडे या दोघांचे आहे, कारण त्यांना जिना चालत होता, परिसर चालत होता आणि भावही चालत होता.

पुराविषयीही स्पष्ट लिहिते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि एकतानगरीच्या बाजूला घरांत पाणी शिरले, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आले, पाण्याचा पंप जळाला, चार दुचाकी बंद पडल्या. घरात कोणाच्याही पाणी आले नाही. एजंटांचे मत असे की, विचारल्याशिवाय हा विषय काढू नये. पण पाहायला आलेला माणूस खाली उतरल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हमखास चौकशी करतो आणि दुकानदार त्याच्या काउंटरवर हात ठेवून पाणी कुठवर चढले होते ते दाखवतो. त्याचे दुकान उताराच्या खालच्या टोकाला आहे, हे मात्र तो सांगत नाही.

कागदांची स्थिती अशी : वडील २०२१ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही. सोसायटीकडे आईचे नॉमिनेशन होते, त्यावरून २०२२ मध्ये भागदाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) आईच्या नावावर झाला आणि आम्ही फ्लॅट आईचा झाला असे समजून चाललो. वारस तीन : आई, मी आणि अमेरिकेत न्यू जर्सीला असलेला थोरला भाऊ. बँकेच्या वकिलाने 'वारसांचे हक्क स्पष्ट नाहीत' असा शेरा मारला, एवढेच ग्राहकाने फोनवर सांगितले. प्रत्यक्ष अहवाल मला पाहायला मिळाला नाही.

तर प्रश्न असा आहे की, आधी भाव कमी करावा, लिफ्टसाठी सोसायटीच्या मागे लागावे, की आणखी काही? मूळ दुखणे कोणते असावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, मुख्य दरवाजा दक्षिणेला आहे का, ते आधी पाहावे. आमच्या आत्याचा फ्लॅट त्यामुळेच दोन वर्षे रखडला होता.

प्रतिसाद २

गृहकर्जासाठी मालमत्तेचे कागद तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे शेवटच्या दोन ग्राहकांविषयी बोलतो. तुमच्या वहीतील सर्वांत मोलाची नोंद तीच आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीच्या नावावर भागदाखला करते तो तिच्या कारभाराच्या सोयीसाठी. २०१९ च्या सहकार कायद्यातील दुरुस्तीत तर अशा व्यक्तीसाठी वारसांचा हक्क ठरेपर्यंत 'तात्पुरता सदस्य' अशीच तरतूद केली आहे. मृत्युपत्र नसल्याने १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे (वडिलांच्या मातोश्री त्या वेळी हयात नव्हत्या असे धरून) आई, तुम्ही आणि भाऊ यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होतो. एकट्या आईने केलेल्या विक्रीवर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. तुम्ही भाव ५० लाख केला असता तरी अहवाल हाच आला असता.

तिघांनी मिळून विकायचे म्हटले तर दुसरी अडचण उभी राहते. भाऊ अनिवासी असल्यामुळे त्याच्या हिश्शाची रक्कम देताना खरेदीदाराला नेहमीचा एक टक्का नव्हे, तर आयकर कायद्याप्रमाणे साडेबारा टक्के आणि त्यावर अधिभार, उपकर अशी करकपात करावी लागते. त्यासाठी खरेदीदाराला स्वतःचा टॅन क्रमांक (करकपात करणाऱ्याचा खाते क्रमांक) काढावा लागतो आणि विवरणपत्र भरावे लागते. ही कपात वास्तविक नफ्यावर असायला हवी, परंतु भावाने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही तर खरेदीदाराचा सीए जोखीम नको म्हणून त्याच्या हिश्शाच्या पूर्ण रकमेवर कपात करायला सांगतो. घर पहिल्यांदाच घेणारा नोकरदार माणूस हे ऐकूनच शेजारच्या इमारतीत जातो.

म्हणून बहुतेक कुटुंबे वेगळा मार्ग धरतात : भाऊ आपला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने आईच्या नावे सोडतो आणि मग आई व तुम्ही अशा दोघी निवासी विक्रेत्या उरता. त्याला येणे शक्य नसेल तर त्याने भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारे पत्र) करून पाठवावे. ते इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला विसरू नये. पुढे आईने त्याला पैसे द्यायचे ठरवले तर त्याचे नियम सीएकडून आधीच समजून घ्यावेत.

प्रतिसाद ३

वरील सल्ला योग्यच आहे, पण किमतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. ७२ लाख हा आकडा आपण कुठून घेतला? जाहिरातींवरून घेतला असेल, तर त्या विक्रेत्यांच्या अपेक्षा असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत आपल्या परिसरातील प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन (दस्ताचा किमतीसह सारांश) पाहता येते. आपल्या इमारतीतले आणि शेजारच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतले गेल्या दोन-तीन वर्षांचे व्यवहार काढा.

खरेदीदाराच्या खिशाचे गणितही मांडून पाहा, आपण गणिताच्याच शिक्षिका आहात. समजा सौदा ७२ लाखांना ठरला आणि बँकेच्या मूल्यांककाने तीस वर्षे जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे मूल्य ६२ लाख काढले. बँक दोहोंतील कमी रकमेवर कर्ज ठरवते आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची मर्यादा असते. म्हणजे कर्ज मिळाले ४९ लाख ६० हजार. उरलेले २२ लाख ४० हजार, सात टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्काचे ५ लाख ४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार मिळून त्याला जवळजवळ पावणेअठ्ठावीस लाख रोख उभे करावे लागतात. एवढी पुंजी असलेला माणूस सहसा तीन जिने चढायला तयार नसतो, आणि जिने चढायला तयार असलेल्याकडे एवढी पुंजी नसते. आपले १७ ग्राहक या फटीत गेले असावेत, असा माझा अंदाज आहे.

भाव खाली आणतानाही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रेडी रेकनरप्रमाणे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे) येणारे मूल्य करारनाम्यातील किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असेल, तर त्या फरकाचा आयकर आपल्यालाही आणि घेणाऱ्यालाही भोवतो. आपल्या फ्लॅटचे ते मूल्य आधी काढून ठेवा.

प्रतिसाद ४

पुराबद्दल थोडे. नदीकाठच्या मालमत्तेत खरा प्रश्न पाणी कुठवर आले हा नसून, इमारत निळ्या पूररेषेच्या आत आहे का हा आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध असतात. जुना फ्लॅट घेणारे बरेचजण पुढेमागे पुनर्विकास होईल याच आशेवर घेतात, त्यामुळे ते ही रेषा विचारतात. महापालिकेकडून विकास आराखड्याचा नकाशा घेऊन ठेवा आणि पूर आला तेव्हाचे पार्किंगचे फोटो स्वतःहून दाखवा. दुकानदाराने दाखवलेल्या उंचीपेक्षा तुमचा फोटो बरा.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दरवाजा पूर्वेला आहे.

गेल्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या. ई-सर्चवर आमच्या इमारतीतील २०२३ चा एक व्यवहार सापडला : दुसरा मजला, तेवढेच क्षेत्रफळ, करारनाम्यातील किंमत ६१ लाख. तो पुराच्या आधीचा आहे. पाहून वाईट वाटले, कारण त्याच फ्लॅटचे मालक जिन्यात भेटले की 'सत्तरच्या खाली देऊ नका हं' असे बजावत असत. रेडी रेकनरचे मूल्य काढले असून आता आम्ही ६४ लाख सांगून ६२ पर्यंत उतरायचे ठरवले आहे. ही किंमत त्या मर्यादेच्या वर राहते. महापालिकेचा नकाशाही मिळाला. इमारत निळ्या रेषेच्या बाहेर आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात. नकाशा आणि पार्किंगचे फोटो एकाच फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. एजंटांना ते आवडले नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र पाऊल अडते आहे. आमच्या घराण्यात हक्कसोडपत्र म्हटले की, बहिणींनी भावांसाठी मुकाट्याने सही करायची, असाच शिरस्ता होता. माझ्या आत्यांनी गावच्या जमिनीवर तशाच सह्या केल्या. आता बहिणीने भावाकडे ती मागायची आहे. दादाचा स्वभाव पैशाला चिकटणारा नाही, परंतु 'सही कर' एवढाच निरोप गेला तर वहिनीला काय वाटेल, याची आईला काळजी आहे. त्याला हिश्शाची खात्री वाटावी म्हणून आईने आधी मृत्युपत्र करून त्याची प्रत त्याला पाठवावी, असे एका वकिलांनी सुचवले. पण मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, आणि फ्लॅट विकल्यावर त्यात लिहायला फ्लॅटच उरणार नाही, हे त्यालाही कळते.

ज्यांनी परदेशातील भावंडाकडून अशी सही घेतली आहे, त्यांनी बोलणे कोणत्या क्रमाने केले? आणि कुलमुखत्यारपत्र येऊन हक्कसोडपत्र नोंदवले जाईपर्यंत फ्लॅटची जाहिरात बंद ठेवावी, की नव्या किमतीने चालू ठेवून ग्राहकाला 'कागद दोन महिन्यांत होतील' असे सांगावे?