पेटी गोठ्यापासून लांबच बरी

गोठ्याला लागूनच सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. नका ठेवू. आमच्याकडे आधी तशीच होती. दावणीला बांधलेल्या पाडीला माश्या डसल्या. बांधलेलं जनावर पळणार कुठे? त्या रात्री मला झोप लागली नाही. आता पेटी कुंपणापलीकडे, जांभळाखाली. पेटीखालच्या घडवंचीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या थेट पोळ्यात. भर पावसात फुलोरा नसतो तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि वसाहत अशक्त झाली की पोळ्याचं मेण खाणारा मेणकिडा शिरतो, म्हणून तळपाट, म्हणजे पेटीच्या तळाची फळी, दर आठवड्याला पुसते. शेळ्या खुशाल चरू द्या, फक्त पेटीच्या दारासमोर नकोत.