शब्दचर्चा : प्रोग्रॅमला 'सिद्धता' म्हणावं का?

मंगळवारपेठी : ऑटोमाटा थिअरीच्या मराठी नोट्स करतोय. (ऑटोमॅटन म्हणजे अक्षरं एकेक वाचत अवस्था बदलणारं अन् शेवटी 'होय' किंवा 'नाही' म्हणणारं कल्पित यंत्र; मोजक्या अवस्थांचा ऑटोमॅटन ज्या मालांना 'होय' म्हणतो, त्यांचा संच म्हणजे नियमित भाषा.) प्रमेय : दोन नियमित भाषांचा संयोगही नियमित असतो. नोट्समध्ये त्याखाली पायथॉनच्या दहा ओळी दिल्यात. एकाच लूपमध्ये दोन्ही ऑटोमॅटन पुढं सरकतात, शेवटी एक जरी 'होय' म्हणाला तरी 'होय'. पहिल्याच्या 3 अवस्था, दुसऱ्याच्या 5, म्हणजे जोड्या 15च. शून्य-एकच्या 10 लांबीपर्यंतच्या सगळ्या 2047 माला चालवल्या, एकही चुकली नाही. याला 'सिद्धता' लिहू का 'पुरावा'?

जुना मास्तर : पुरावा कोर्टात. आणि 2047 माला चालवल्या तो पडताळा. 11 लांबीचं काय? भूमितीची वही आठवा : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. तुमच्या दहा ओळी म्हणजे रचना, आकृतीतली तुटक रेषा. सिद्धता पुढंच आहे : कितीही अक्षरं वाचली तरी जोडीतला पहिला घटक तिथंच असतो, जिथं पहिला ऑटोमॅटन एकटा पोचला असता, दुसऱ्याचंही तसंच. एवढं लिहिलं नाही तर मी अर्धे गुण कापायचो.

केएमटीचा पासवाला : मला आधी 'भाषा'च नडली. पायथॉन भाषा, अन् ही नियमित भाषा पण भाषा? मग कंडक्टरची घंटी आठवली. एक टण् थांब, दोन टण्टण् चल. ज्या ज्या क्रमानं घंटी मारली की गाडी शेवटी चालू असते, त्या सगळ्या क्रमांचा संच म्हणजे भाषा. ड्रायव्हरनं लक्षात काय ठेवायचं? गाडी उभी का चालू, अन् आत्ताच एक टण् झाला का. बास. अवस्था 'सांत' (अंत असलेल्या, मोजक्या) म्हणतात ते हेच. (घरी 'सांत' म्हटलं की 'शांत' ऐकतात, ते वेगळं.)

मंगळवारपेठी : मास्तर, पटलं. पण ऑटोमॅटनवरच्या रॅबिन आणि स्कॉट या संशोधकांच्या 1959 च्या लेखात तर उपसंचांची रचना हाच जीव आहे. एकाच वेळी अनेक अवस्थांत असू शकणारा ऑटोमॅटन साधा करायचा, तर 10 अवस्थांचे 1024 उपसंच, प्रत्येक उपसंच एक नवी अवस्था. अन् कॉक या सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (आता त्याचं नाव रॉक) विधान हाच टाइप (मूल्याचा प्रकार), त्या टाइपचा प्रोग्रॅम हीच सिद्धता. तिथं तुमची तुटक रेषा कुठं गेली?

जुना मास्तर : रचना जीव असेल, तरी ती बरोबर का हे सांगावंच लागतं. कॉकमध्ये ते सांगितल्याशिवाय प्रोग्रॅम पुढंच जात नाही, मग तिथं खुशाल 'सिद्धता' लिहा. पायथॉन तुम्हाला काही विचारत नाही ओ.

मंगळवारपेठी : बदललं. वर 'रचना', खाली चार ओळी 'सिद्धता', 2047 समासात 'पडताळा' म्हणून. कापलेले अर्धे गुण द्या आता.