विषय: साइडिंगची तपासणी, आणि सीलंट कुठे लावू नये

प्रेषक: सभासद, कोलंबस, ओहायो

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आमच्या घराला बाहेरून व्हिनाइल साइडिंग, म्हणजे भिंतीवर एकाखाली एक बसवलेल्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, आहे. नुकत्याच झालेल्या गारपिटीनंतर पश्चिमेच्या भिंतीवरची एक पट्टी सुटून वाऱ्यावर फडफडू लागली आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आतल्या बाजूने तपकिरी डाग दिसतो आहे. पाहणीला आलेल्या कंत्राटदाराने सगळ्या पट्ट्यांच्या खालच्या कडा सीलंटने बंद करून टाकाव्यात असे सुचवले. पुण्यात आई-बाबांच्या बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीलाही दर पावसाळ्यात ओल येते आणि तिथेही सगळे भेगा बुजवायलाच सांगतात, म्हणून मला हा सल्ला पटण्यासारखा वाटला. तरीही पैसे देण्यापूर्वी इथले आणि तिथले बांधकाम जवळून पाहिलेल्या, आता पुण्यास स्थायिक झालेल्या काकांनी आपले मत कळवावे, अशी विनंती आहे.

प्रेषक: सभासद, कोथरूड, पुणे

तुला अनेक आशीर्वाद, आणि यादीवरच्या सर्वांना नमस्कार.

खालच्या कडा बंद करू नकोस आणि कोणाला करूही देऊ नकोस. व्हिनाइल साइडिंग पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी नसतेच. वाऱ्याबरोबर थोडे पाणी तिच्या मागे जाणारच, हे गृहीत धरून ती बसवतात. ते पाणी मागच्या हाउसरॅपवरून, म्हणजे लाकडी तक्त्यांवर गुंडाळलेल्या पाणीरोधक कापडावरून, ओघळते आणि पट्टीच्या खालच्या कडेला मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे बुजवली की पाणी आत कोंडते आणि हाउसरॅपमागचे लाकडी तक्ते, जे तुमच्याकडच्या बऱ्याच घरांत लाकडाच्या कपच्या दाबून केलेले असतात, कडेपासून फुगू लागतात. आपल्या पुण्याच्या भिंतीत अशी मागची दुसरी फळी नसते. गिलावा आणि त्यावरचा रंग एवढाच पाण्याला अडसर असतो, म्हणून इथे भेग बुजवणे योग्य ठरते. दोन्ही भिंती ओल्या होतात, पण उपाय एकमेकींना लागू पडत नाहीत. परदेशात घर घेणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाने हा फरक समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण आपण लहानपणापासून पाहिलेली भिंत आपल्या डोक्यात असते.

आता तपासणीविषयी. शिडी लगेच काढू नकोस. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके पडते तेव्हा भिंतीला समांतर उभी राहून कडेकडेने पाहा. दुपारच्या उन्हात न दिसणारे फुगवटे आणि लाटा त्या वेळी स्पष्ट दिसतात. वरच्या मजल्यासाठी दुर्बीण पुरते. एकाच ठिकाणी पट्टी वितळल्यासारखी वाकडी झाली असेल, तर तिथे बार्बेक्यू ठेवला जातो का, किंवा शेजारच्या घराच्या खिडकीवरून परावर्तित झालेले ऊन तिथे पडते का, ते पाहा. व्हिनाइल साधारण 70 ते 75 अंश सेल्सियसला मऊ पडू लागते, आणि आजच्या ऊर्जा वाचवणाऱ्या काचांवरून परतणारे ऊन तेवढी उष्णता सहज देते. तसे असेल तर नुसती पट्टी बदलून उपयोग नाही.

गारांचा मार बहुतेकदा पट्टीच्या खालच्या कडेवर दिसतो: अर्धचंद्राकृती तुकडा उडालेला असतो किंवा आरपार भोक पडलेले असते. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे एक लांबून आणि एक जवळून असे छायाचित्र तारखेसह काढून ठेव. विमा साधारणपणे गारपिटीसारखे अचानक झालेले नुकसान भरून देतो, हळूहळू कुजलेले लाकूड देत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या दाखवता आल्या पाहिजेत.

सुटलेल्या पट्टीविषयी मला खिळ्यांचीच शंका येते. साडेबारा फुटी पट्टी कडाक्याची थंडी आणि कडक ऊन यांच्या दरम्यान अर्धा इंच किंवा त्याहूनही जास्त लांब-आखूड होते, त्यामुळे ती घट्ट ठोकायची नसते, खिळ्यांवर टांगायची असते. खिळ्याचे डोके आणि पट्टी यांच्यात सुमारे इंचाचा बत्तिसावा भाग मोकळा ठेवतात. जवळची एखादी धड पट्टी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे सरकवून पाहा. ती थोडी सरकली पाहिजे. जागची हलत नसेल, तर खिळे आवळून ठोकलेले आहेत, आणि अशी पट्टी उन्हात फुगते, थंडीत ओढली जाते आणि शेवटी सांध्यातून सुटते.

सर्वांत जास्त वेळ मात्र सांध्यांवर घालव. पाणी पट्टीच्या सपाट भागातून क्वचितच शिरते. ते शिरते खिडकीच्या वरच्या आणि खालच्या कडेला, बाहेरच्या नळाभोवती, दिव्याच्या खोक्याभोवती, लाकडी डेक घराला जिथे जोडला आहे तिथे, आणि विशेषतः खालच्या छताचा उतार भिंतीला लागून येत मधेच संपतो त्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात पाणी भिंतीपासून दूर, पन्हळीत ढकलणारा वाकवलेला पत्रा असावा लागतो, ज्याला तिकडे किकआउट फ्लॅशिंग म्हणतात. तो नसला तर छतावरचे पाणी थेट साइडिंगच्या मागे जाते. जमिनीलगत माती किंवा लाकडाच्या सालींचा थर साइडिंगला टेकलेला असेल तर तो उपसून किमान सहा इंच जागा मोकळी कर.

ज्यांची घरे 1980 पूर्वीची आहेत आणि बाहेर सिमेंटच्या ठिसूळ फरशांसारखी साइडिंग आहे, त्यांनी ती फोडू किंवा भोके पाडू नये. तिच्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना घातक असलेला तंतुमय पदार्थ, असण्याची शक्यता असते.

प्रेषक: सभासद, कोलंबस, ओहायो

काका, आपण लिहिल्याप्रमाणे सर्व पाहिले. पश्चिमेच्या पट्ट्या मुळीच सरकत नाहीत. डाग खिडकीखाली असला तरी खिडकीच्या कडा ठीक आहेत. मात्र खिडकीच्या शेजारीच गॅरेजच्या छताचा उतार भिंतीत संपतो आणि तिथे आपण म्हणता तो पत्रा नाही. साइडिंग उघडण्याच्या आकडीने तिथली पट्टी सोडवली, तेव्हा मागचा तक्ता काळवंडलेला दिसला आणि स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. ओलावा मोजण्याच्या यंत्रावर 27 टक्के आले. आता काय करावे? आणि पुण्याच्या भिंतीचे बाबांनी काय करावे, तेही कृपया कळवावे.

प्रेषक: सभासद, कोथरूड, पुणे

तू नेमकी जागा शोधलीस, याचा मला फार आनंद झाला. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या पुढे टिकून राहिला तर कुजण्याचा धोका धरतात, आणि स्क्रूड्रायव्हर आत जातो तिथे तो धोका प्रत्यक्षात उतरलेला आहे. मऊ झालेला तक्ता धड लाकूड लागेपर्यंत कापून काढावा, मागचे खांब टोचून पाहावेत, नवा तक्ता बसवावा, मग किकआउट फ्लॅशिंग, त्याच्या वरच्या कडेवरून हाउसरॅप, वरच्या थराखाली खालचा जाईल अशा रीतीने, आणि साइडिंग सगळ्यांत शेवटी. कंत्राटदाराकडून हा क्रम लेखी घे आणि साइडिंग चढवण्यापूर्वी छायाचित्रे माग. पश्चिमेच्या पट्ट्या त्याच वेळी सैल खिळ्यांवर पुन्हा टांगून घे.

पुण्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस तिरका येतो आणि पश्चिमेची भिंत तो झेलते, त्यामुळे तिथली ओल नवलाची नाही. बाबांनी ऑगस्ट-सप्टेंबरात, ओल दिसते आहे तोवरच, तिच्या कडा पेन्सिलीने आखून ठेवाव्यात. मे महिन्यात भिंत कोरडी असताना पाहणी केली की गवंडी अंदाजाने काम करतो. लाकडी हातोडीने गिलाव्यावर हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटला आहे, तेवढा भाग काढूनच टाकावा लागेल. तुळई आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची आडवी भेग नेहमीची असते; तिथे जाळी मारून गिलावा करतात. पण खांबाच्या बाजूने सरळ उभी जाणारी, गंजाचे ओघळ असलेली भेग दिसली तर गवंड्याला न बोलावता आधी संरचना अभियंत्याला दाखवावी, कारण तिथे आतली सळई फुगत असते. गच्चीच्या कठड्याचा पाया, छज्जाच्या खालच्या कडेची पाणी तोडणारी खाच, खिडकीचे ग्रिल भिंतीत रुतले आहे ती जागा आणि सांडपाण्याच्या पाइपांचे क्लॅम्प, या जागा आधी पाहाव्यात. भेगेतून पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते वरून खुडू नये, मुळासकट काढावे.

रंगाची घाई करू नये. ओल्या भिंतीवर रंग दिला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे सुटतात. दिवाळीनंतर भिंत सुकली की काम काढावे, आणि नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारले जाईल हे ठेकेदाराशी बोलतानाच ठरवून घ्यावे. बाबांची हरकत नसेल तर भिंत पाहायला मीच येईन. त्यांनी शिडी काढून ठेवावी, पण मी येईपर्यंत स्वतः वर चढू नये.