अनुभव धागा : विटगेनस्टाइनच्या चरित्रात तुम्ही कुठे थांबलात?

रे मंक यांनी लिहिलेलं तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइनचं चरित्र (१९९०) नुकतंच वाचून झालं. त्याचं 'ट्रॅक्टेटस' हे तत्त्वज्ञानाचं पुस्तक मी दोनदा हातात घेऊन ठेवून दिलं होतं. आता पुन्हा उघडलंय, कारण त्या क्रमांक घातलेल्या वाक्यांमागे पहिल्या महायुद्धात आघाडीवर वही जपणारा सैनिक दिसतो. ज्यांनी वाचलंय त्यांनी कृपया लिहा. कुठे थांबलात, तेवढं सांगितलंत तरी पुरे.

*

मी ऑस्ट्रियातल्या ऑटरथाल गावच्या शाळेपाशी थांबले. तो तिथे शिक्षक होता आणि मुलांना मारायचा. १९२६ मध्ये एक मुलगा मार खाऊन कोसळला आणि त्याने नोकरी सोडली. दहाएक वर्षांनी परत जाऊन त्याने त्या मुलांची माफी मागितली. एकीने नुसतं 'हो, हो' म्हणून त्याला वाटेला लावलं. मी २२ वर्षं गणित शिकवतेय. पहिल्याच वर्षी पाढे चुकले म्हणून एका मुलीच्या बोटांवर लाकडी पट्टी मारली होती, उभ्या कडेने. मंक इथे त्याची वकिलीही करत नाहीत आणि त्याला झोडपतही नाहीत, त्यामुळे मला पळवाट उरली नाही. दिवाळीत तिचा नंबर मिळवून फोन केला. तिला सगळं आठवत होतं. पट्टीचा रंगसुद्धा.

*

मी फार्मासिस्ट. दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजची प्राध्यापकी बाजूला ठेवून तो लंडनच्या गाइज हॉस्पिटलात औषधं पोचवायचा, पुढे मलमं बनवू लागला. लासारचं मलम (त्वचेवर लावायचं) त्याच्याइतकं चांगलं तिथे आधी कुणी बनवलं नव्हतं म्हणे. झिंक ऑक्साइड आणि स्टार्च नीट चाळलं नाही तर त्यात बारीक खडे राहतात. फरशीवर स्पॅच्युला फिरवताना ते हाताला कळतात. बहिणीचं घर बांधताना छत तीन सेंटिमीटरसाठी पुन्हा उचलायला लावणारा माणूस खडा राहूच देणार नाही!

*

मधली काही पानं मला लांबली. पण व्हिएन्नाच्या विद्वानांकडे पाठ करून तो टागोरांच्या कविता वाचायचा, हे कळल्यावर 'गीतांजली' पुन्हा काढली.

*

केंब्रिजला असताना त्याच्या थडग्यावर गेले होते. जमिनीलगत साधी शिळा, नाव आणि १८८९–१९५१, बस्. वर कुणी नाणी ठेवलेली. तीन भावांनी आत्महत्या केलेल्या या माणसाचे शेवटचे शब्द होते, 'माझं आयुष्य फार छान गेलं असं त्यांना सांगा.' पुस्तक वाचलं नसतं तर मला ते खरं वाटलं नसतं. तिथे बराच वेळ उभी राहिले.